ठाणावरचा घोडा



इतिहासावर बोलण्याचा माझा अधिकार कोणता, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात असेल. तो रास्तच आहे. माझी शाळा सातवीत सुटली आणि पुढचे वाचन युनियनच्या कचेरीत, सभा संपून माणसे घरी गेल्यावर झाले. हमालांचे, टांगेवाल्यांचे आणि गाडीवानांचे हिशेब लिहिता लिहिता मला जुने हिशेब वाचण्याचा नाद लागला. म्हणून आज घोड्याबद्दल बोलणार आहे ते युद्धशास्त्राच्या अंगाने नव्हे. घोडा कोणाचा होता, त्याला कोण खाऊ घालत होते आणि तो मेल्यावर कोणाच्या घरची चूल विझत होती, एवढेच मला विचारायचे आहे.

घोडा आपल्या गावांतून बहुतेक गेला आहे, परंतु आपल्या बोलण्यातून तो अजून हललेला नाही. काम थांबले की ‘घोडे कुठे अडले?’ असे आपण विचारतो. खरी अडचण दाखवायची झाली तर ‘इथेच घोडे पेंड खाते’ म्हणतो. कुचकामाची माणसे भरली की ती ‘खोगीरभरती’ होते, आणि वेळ टळून गेल्यावर केलेली तजवीज ‘वरातीमागून घोडे’ ठरते. ज्याने कधी खोगीर हाताळले नाही, ज्याला खोगिराच्या आत चिंध्या आणि काथ्याकूट भरतात हे ठाऊक नाही, असा बँकेतला कारकूनसुद्धा हे शब्द सहज वापरतो. भाषा ही फार चिकट वस्तू आहे. माणसे विसरतात ते ती जपून ठेवते.

याच भाषेने दोन शब्द जपले आहेत, त्यांवर माझे सारे बोलणे उभे आहे. एक ‘शिलेदार’ आणि दुसरा ‘बारगीर’. शाळेच्या पुस्तकात हे शब्द एका ओळीत येतात आणि जातात. शिलेदार म्हणजे ज्याचा घोडा आणि हत्यार स्वतःचे. बारगीर म्हणजे ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून किंवा धन्याकडून मिळाले तो. मुलांनी हे पाठ करायचे आणि गुण मिळवायचे. पण मी जेव्हा हे पहिल्यांदा वाचले, तेव्हा मला आमच्या टांगा स्टँडाची आठवण झाली. तिथेही दोनच जाती होत्या. एकाचा टांगा आणि घोडा घरचा. दुसरा सावकाराचा टांगा रोजच्या ठरलेल्या भाड्याने जुंपणारा. दोघांच्या अंगावर एकच खाकी शर्ट, दोघांच्या तोंडी एकच आरोळी, पण संध्याकाळी घरी जाताना दोघांचे चेहरे निराळे. कामाचे साधन कोणाचे, या एका प्रश्नावर माणसाचे अर्धे आयुष्य ठरते. हे मला पुस्तकाने शिकवले नाही, पण पुस्तकात ते होते.

शिवाजी महाराजांच्या लष्कराची रचना सभासदाने आपल्या बखरीत लिहून ठेवली आहे. ही बखर सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात जिंजीला लिहिली गेली. पागेतल्या पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांचा एक हजारी, अशी उतरंड तिच्यात आहे. इथपर्यंत सर्वांना माहीत असते. परंतु त्याच ठिकाणी सभासद आणखी एक गोष्ट सांगतो, ती मला जास्त मोलाची वाटते: पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे पाणी वाहणारा एक आणि खुरांना नाल ठोकणारा एक. पोवाड्यात या दोघांची नावे येत नाहीत. पण पंचवीस घोडी ज्या दिवशी पाण्यावाचून किंवा नालेवाचून उभी राहिली, त्या दिवशी पंचवीस वीरही जमिनीवरच उभे. ज्याने ही नेमणूक ठरवली, त्याला घोडा म्हणजे काय ते पुरते कळत होते. शिलेदारांना पागेच्या हाताखाली ठेवावे, हा नियमही तिथेच आहे. ज्याचे साधन स्वतःचे, तो उद्या साधन घेऊन दुसरीकडे जाऊ शकतो, ही राज्यकर्त्याची काळजी त्यामागे आहे. कारखानदाराला स्वतंत्र कारागिराचा जो संशय येतो, तोच हा.

चिपळूणजवळच्या छावणीतील अंमलदारांना महाराजांनी १६७० च्या दशकात पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नका, या अर्थाने ते नेहमी सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. पण आपण ते पत्र एकदा घोडेवाल्याच्या नजरेने वाचा. पावसाळा काढण्यासाठी जमवलेला दाणा आणि गवत आताच उधळाल, तर पुढे काही मिळणार नाही, घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असा त्यातला रोख आहे. पुढे तर राजा दिव्याच्या वातीवर उतरतो. रात्री दिवा जळत ठेवाल, उंदीर पेटती वात पळवील, गंजीला आग लागेल, आणि एकही घोडा वाचणार नाही. राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळात, डोक्यावर सारा मुलूख असताना, एक राजा उंदराचा आणि गवताचा विचार करतो आहे! ज्याच्या घरी कडब्याची गंजी आहे त्याला या पत्रात काही विशेष वाटणार नाही, कारण त्याची आई त्याला हेच सांगत आलेली असते.

आता बखरी बाजूला ठेवून जरा घरात येऊ. कारण शिलेदाराचा घोडा आठ महिने मुलुखगिरीवर असला तरी उरलेले चार महिने, आणि घोडा म्हातारा किंवा जायबंदी झाला तर बाराही महिने, तो घरीच असे. शिंगरू तर घरचेच. घोडी अकरा महिने गाभण राहते. त्यातल्या शेवटच्या महिन्यांत तिच्याकडून कष्टाचे काम घेता येत नाही आणि दाणा मात्र वाढवावा लागतो. आपल्याकडचा दख्खनी घोडा बेताच्या उंचीचा, टणक खुरांचा, थोडक्यावर गुजराण करणारा. भीमा आणि नीरा यांच्या काठची भीमथडी तट्टे यासाठीच नावाजलेली होती. अरबी आणि इराणी घोडे दाभोळ-चौलच्या बंदरांत उतरत, त्यांचे रक्त इथल्या तट्टांत मिसळले आणि पुढे इथल्या दगडाने आणि दुष्काळाने त्यांना घडवले. पण थोडक्यावर म्हणजे किती? बेताच्या तट्टालाही दिवसाला सहा-सात किलो वाळला चारा लागतो, वीस-पंचवीस लिटर पाणी लागते, आणि कामावर असेल तर वर हरभऱ्याची किंवा कुळथाची चंदी. कुळथाला इंग्रजीत घोड्याचे धान्य अशाच अर्थाचे नाव आहे. आपण मात्र त्याचे पिठले करून खातो. एकाच मडक्यातला कुळीथ घोड्याच्या तोबऱ्यात आणि माणसाच्या ताटात जाई, आणि मडके रिकामे होऊ लागले की आधी कोणाचे कमी करायचे, हा प्रश्न घरातल्या बाईपुढे उभा राही.

थंडीत हा प्रश्न आणखी टोकाला जातो. आपला जिल्हा तसा उष्ण. पण धाराशिव, कळंब, भूम ही बालाघाटाच्या माथ्यावरची गावे. पौष-माघात उघड्या माळावर रात्रीचा वारा सुटला म्हणजे तो गोधडीतून आत येतो. घोडा थंडी सोसतो, माणसापेक्षा पुष्कळ सोसतो, हे खरे. मात्र त्याला दोन गोष्टी लागतात: कोरडे अंग आणि भरले पोट. त्याच्या मोठ्या आतड्यात चारा मुरत असतो आणि त्या मुरण्यातून ऊब निघते. घोड्याच्या पोटातच शेकोटी असते म्हणा ना! म्हणून जाणता माणूस थंडीच्या रात्री चंदीची मूठ वाढवण्याऐवजी कडब्याची पेंढी वाढवतो. दाणा एकदम जास्त पडला तर पोटशूळ उठतो, आणि घोड्याला ओकता येत नाही. पोटात गेले ते गेले. पोटशुळाने रात्रभर लोळणारा घोडा ज्याने पाहिला आहे, तो ते विसरत नाही.

मी लहानपणी टांगेवाल्यांच्या आळीत वाढलो, म्हणून हे मला बखरीशिवाय ठाऊक आहे. घराला एकच खोली आणि पुढे पत्र्याचे छप्पर. छपराखाली ठाण, घोड्याला आगाडी-पिछाडी बांधलेली. संध्याकाळी टांगा सुटला की घोड्याचे अंग घामाने भिजलेले असे. तसाच वाऱ्यावर ठेवला तर सकाळी तो आखडलेला सापडायचा. म्हणून आधी त्याला सावकाश फिरवायचा, मग गवताच्या चुंबळीने अंग चोळायचे, खरारा करायचा, आणि मग पाठीवर गोणपाट टाकायचे. फिरवण्याचे काम पोराचे. चोळण्याचे काम बापाचे. गोणपाट शिवण्याचे, चंदी भिजत घालण्याचे आणि पहाटे उठून ठाण झाडण्याचे काम आईचे. कडाक्याच्या थंडीत घरात गोणपाटे तीन असतील तर एक घोड्यावर, एक पोरांवर आणि एक दारातल्या फटीला. हे कोणी ठरवले नव्हते. घोडा आजारी पडला तर दुसऱ्या दिवशी घरी काही शिजणार नाही, हे चार वर्षांच्या पोरालाही समजत होते. लोक त्याला प्रेम म्हणतात. प्रेम होतेच. पण ज्या प्रेमात पोटाचा हिशेब मिसळलेला असतो ते कमअस्सल, असे मला वाटत नाही. माणसामाणसांतले बहुतेक प्रेमही तसेच असते.

असो. आपल्या भागातून घोड्यांचा एक मोठा लोंढा थंडीच्या मुलखात गेला, त्याची हकिगत सांगतो. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेला उदगीरच्या मोहिमेत औशाजवळ गाठून कोंडले. औसा म्हणजे १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत आपल्याच जिल्ह्यातला तालुका. त्या विजयानंतर फार विसावा न घेता मार्चच्या मध्यास परतूडहून फौज उत्तरेकडे निघाली. उन्हाळ्यात निघालेली ती माणसे आणि घोडी नोव्हेंबरात पानिपतावर जाऊन अडकली. सभासदाच्या बखरीत लष्करात बायका-बटकी नेऊ नयेत असा सक्त नियम सांगितला आहे. पानिपतावर तो केव्हाच मागे पडला होता. फौजेबरोबर कुटुंबे होती, यात्रेकरू होते, बुणग्यांची गर्दी होती. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेचा उरलासुरला धागा तुटला. दख्खनच्या माणसाला उत्तरेतली ती थंडी नवी, कपडे सुती, आणि घोड्यांना चारा नाही. मी वर सांगितले, घोड्याची शेकोटी त्याच्या पोटात असते. ती पोटे रिकामी झाली. १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली, पण घोडदळाचा पराभव त्याआधी कित्येक रात्री, ठाणावरच, होत आलेला होता. पानिपतावर सेनापतींच्या चुकांची चर्चा आपण दोनशे साठ वर्षे करीत आहोत. एखाद्या वर्षी कडब्याची करून पाहावी.

अठराव्या शतकाच्या अखेरीस मराठी फौजा जवळून पाहिलेल्या काही परकी अधिकाऱ्यांनी एक तक्रार लिहून ठेवली आहे. शिलेदार अंगावर येऊन लढत नाही, घोडा वाचवून लढतो. कारण घोडा पडला तर तो उद्ध्वस्त होतो. काहींनी याला भ्याडपणा म्हटले. मला हे वाचून हसू आले आणि रागही आला. ज्याच्या कुटुंबाची सारी पुंजी चार पायांवर उभी आहे, त्याने ती तोफेच्या तोंडी द्यायची, आणि भरपाईचे वचन देणारा सरदार उद्या तरी जागेवर असेल की नाही हे ठाऊक नाही! जोखीम सारी एकाची आणि मुलूख दुसऱ्याचा. आजही शहरांतून पोरे स्वतःची मोटारसायकल, स्वतःचे पेट्रोल घालून घरोघर जेवण पोचवतात, आणि अपघात झाला की मोटारसायकलही त्यांचीच आणि मोडलेला पायही त्यांचाच. त्यांना कोणी शिलेदार म्हणत नाही, इतकाच फरक.

इंग्रजांनी मात्र ही पद्धत मोडली नाही. उलट उचलली. स्वस्त होती ना! निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीखाली उभी राहिलेली ‘हैदराबाद कंटिंजंट’ ही फौज तिचा नमुना होती, आणि आपल्या जिल्ह्याचा तिच्याशी संबंध फार जवळचा आहे. या फौजेच्या पगारापोटी निजामावर कर्ज साचत गेले, तेव्हा १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि आपला नळदुर्ग जिल्हा कंपनीच्या ताब्यात देण्यात आला. फौज किमान पाच हजार पायदळ, दोन हजार घोडेस्वार आणि चार तोफखाने इतकी ठेवायची, असे त्यात ठरले. नळदुर्ग जिल्हा म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा आणि त्याचा शेजार. त्या दोन हजार घोड्यांच्या तोबऱ्यात जी चंदी पडत होती, तिचा एक वाटा तुळजापूर-परांड्याच्या शेतकऱ्याच्या साऱ्यातून येत होता. इथला कारभार पाहण्यास मेडोज टेलर आला. ठगांवरच्या कादंबरीमुळे ज्याचे नाव सर्वांना ठाऊक आहे तोच. १८६० साली नळदुर्ग आणि रायचूर निजामाला परत मिळाले. त्यानंतरही घोड्याचे नाव आपल्या नकाशावरून गेले नाही. उमरगा तालुक्यातील गुंजोटी हे पायगेचे गाव होते. हैदराबादच्या ‘पायगा’ अमिरांच्या जहागिरी मुळात घोडदळ बाळगण्यासाठी दिलेल्या होत्या. घोडदळ गेले, जहागीर राहिली, हा सर्वत्र आढळणारा प्रकार.

कंटिंजंटच्या घोडदळाची एक छावणी आपल्या शेजारी मोमिनाबादेस, म्हणजे अंबाजोगाईस होती. हे रिसाले शिलेदारी पद्धतीचे. स्वाराने घोडा आणायचा, त्याचे खाणे, खोगीर, बहुतेक सामान स्वतः सांभाळायचे, आणि सरकारने ठराविक पगार द्यायचा. घोड्यासह असलेल्या या जागेला ‘असामी’ म्हणत. असामी ही मालमत्ता होती. ती विकत घेता येई, बापाकडून मुलाकडे जाई. एकाच्या अनेक असाम्या असत. त्यांवर तो बारगीर बसवी आणि पगारातला आपला वाटा घेई. आणि जिथे मालमत्ता गहाण पडू शकते तिथे सावकार फार दूर नसतो.

जून १८५७ मध्ये मोमिनाबादेहून औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, नेलेल्या पहिल्या रिसाल्यातील स्वारांनी निजामाच्या मुलखाबाहेर कूच करण्यास नकार दिला. दिल्लीच्या बादशहाविरुद्ध आपल्याला नेणार, अशी कुणकुण त्यांना लागली होती. पुण्याकडून फौज आली, उठाव मोडला गेला, अनेकांना फाशी आणि तोफेच्या तोंडी देऊन मारण्यात आले. या प्रसंगाचे राजकीय वर्णन पुष्कळांनी केले आहे. मी त्यात एक साधी गोष्टही पाहतो. ज्याचा घोडा स्वतःचा आहे तो माणूस, घोडा कुठवर जाईल याबद्दल बोलण्याचा आपला हक्क समजतो. सरकारने तो हक्क मानला नाही.

पुढे १९०३ साली कंटिंजंट मोडून तिचे रिसाले हिंदुस्थानच्या फौजेत मिसळले गेले. त्यातल्या एकाचे नाव ‘विसावा डेक्कन हॉर्स’ झाले. १९१४ च्या ऑक्टोबरात हा रिसाला फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरला. त्यात शीख होते, जाट होते आणि दख्खनी मुसलमान होते. आपल्या बालाघाटासारख्या माळावरून गेलेला माणूस आणि त्याचा घोडा आता उत्तर फ्रान्सच्या खेड्यांत, शेतांच्या चिखलात, हिवाळा काढू लागले. तिथे कोरडे अंग मिळणे हीच चैन होती. घोडी उघड्यावर दावणीला, गुडघा-गुडघा चिखलात उभी. १९१६-१७ चा हिवाळा तर त्या भागातला अत्यंत कडक. त्यात त्वचेचे रोग टाळण्यासाठी अनेक ठिकाणी घोड्यांचे केस कातरून टाकलेले. निसर्गाने दिलेली घोंगडी काढून घेतली आणि मग थंडीने मेलेल्यांची मोजणी केली. पश्चिम आघाडीवर गोळीने मेलेल्या घोड्यांपेक्षा थंडी, चिखल, उपासमार आणि थकवा यांनी मेलेली घोडी कितीतरी अधिक होती. १४ जुलै १९१६ रोजी सॉमच्या लढाईत ‘हाय वुड’ नावाच्या रानाजवळ डेक्कन हॉर्सने भाले रोखून चाल केली, ती घोडदळाच्या इतिहासात नोंदलेली आहे. त्या आघाडीवर घोडदळाने करण्याजोगे असे दिवस फार थोडे आले. बाकीची चार वर्षे बहुतेक करून खरारा, पाणी, चारा, चिखल. १९१८ च्या आरंभी रिसाला फ्रान्स सोडून पॅलेस्टाइनकडे गेला. तिकडे निजामाच्या लान्सर्सनीही काम केले. दिल्लीच्या तीन मूर्तींपैकी एक हैदराबादची आहे.

या युद्धाने शिलेदारी संपवली. शांततेच्या काळात स्वार आपला घोडा बदलून आणू शकतो. हजारो मैल दूर, रोज घोडी मरत असताना, तो कुठून आणणार? सरकारला घोडे स्वतः पुरवावे लागले. मग हिशेब उघडा पडला की ही पद्धत स्वस्त नव्हती, खर्च फक्त स्वाराच्या घरावर टाकलेला होता. १९२१ साली ती बंद झाली. सारे स्वार एका अर्थाने बारगीर झाले, घोडा सरकारी झाला. हे वाईट झाले, असे म्हणणारे जुने लोक होते. त्यांना त्यात इज्जत गेल्यासारखे वाटे. मला विचाराल तर ज्याच्या कामासाठी घोडा मरतो त्याने घोड्याची किंमत द्यावी, हे सरळ आहे. इज्जतीने चंदी विकत मिळत नाही.

शिलेदारी फौजेतून गेली ती टांग्यात मात्र राहिली. आपले धाराशिव जिल्ह्याचे ठिकाण, पण बार्शी लाइट रेल्वेची लातूरकडे जाणारी छोटी गाडी येडशीवरून निघून जाई. शहरास रेल्वे स्टेशन मिळाले ते रूळ रुंद झाल्यावर, या शतकात. तुळजापूरच्या यात्रेकरूंनाही रेल्वे सोलापुरातच सोडे. म्हणजे जिथे आगगाडी थांबली तिथून घोड्याचे काम सुरू. हे काम आधी सर्व्हिस मोटारीने, मग एस.टी.ने आणि शेवटी तीन चाकी रिक्षाने खाल्ले. मी युनियनच्या कामाला लागलो तेव्हा टांगे मोजकेच उरले होते. त्यांच्यासाठी एक अर्ज घेऊन मी एका सरकारी कचेरीत गेलो होतो. साहेबांनी विचारले, हे मालक की मजूर? मालक असतील तर मजुरांच्या योजनेत बसत नाहीत. मजूर असतील तर मालकाचे नाव लिहा. ज्याचा घोडा स्वतःचा आहे, जो स्वतः रात्री त्याचे ठाण झाडतो आणि ज्याला घोडा आजारी पडल्यास रजा नाही, त्याला कोणत्या रकान्यात घालायचे याचे उत्तर त्या फॉर्मात नव्हते. अर्ज परत आला.

मुंबईत हेच मोठ्या प्रमाणावर घडले. १८७४ साली तिथे ट्राम सुरू झाली ती घोड्यांची. विजेची ट्राम १९०७ ची. व्हिक्टोरिया घोडागाड्या पुढेही राहिल्या. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मौजेसाठी चालणाऱ्या या गाड्या बेकायदा ठरवल्या, वर्षभरात बंद करण्यास सांगितले, आणि त्यांवर पोट असलेल्या कुटुंबांच्या पुनर्वसनाची योजना करण्याचा आदेश सरकारला दिला. डांबरी रस्त्यावर, कोंदट तबेल्यांत, घोड्यांचे हाल होत होते, हे मी नाकारणार नाही. मी ते पाहिले आहे. पण हाल करणारा आणि हाल सोसणारा हे दोघे एकाच छपराखाली एकाच तंगीत राहत होते, हेही पाहिले आहे.

देशातील घोड्या-तट्टांची संख्या २०१२ च्या पशुगणनेत सव्वासहा लाखांच्या आसपास होती, ती २०१९ च्या गणनेत तीन लाख चाळीस हजारांवर आली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी. त्यातून नालबंद गेले, खोगीर शिवणारे गेले, भोवरे पाहून घोडा पारखणारे गेले. वीटभट्टीवर, लग्नाच्या वरातीत आणि शर्यतीत काही घोडे उरले आहेत. मार्गशीर्षाच्या थंडीत नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आणि तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार अजून भरतो. तिथे लाखांच्या किमती ऐकू येतात, पण ते घोडे हौसेचे. आपल्याकडे अणदूरचा खंडोबा वर्षातले सुमारे पावणेदोन महिने नळदुर्गला येऊन राहतो. पौष पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते. ज्या देवाचे वाहनच घोडा, त्याच्या यात्रेत पूर्वी गावोगावची तट्टे यावीत यात नवल नाही. आता मोटारी उभ्या करायला जागा पुरत नाही.

घोडा अजून घरातला राहिला आहे तो मेंढपाळ धनगरांकडे. फलटण-बारामतीकडचे वाडे दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. मेंढरे घेऊन पुरुष एका वाटेने चरत चरत जातात. संसार घोड्यांवर लादून बायका दुसऱ्या वाटेने पुढे जातात. भांडी, धान्य, जाळी, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे आणि चालता न येणारी पोरे, सारे त्या तट्टाच्या पाठीवर. मुक्कामाला पोचून घोडी उतरवायची, पाणी शोधायचे, चूल मांडायची, हे सारे बाईच करते. घोड्याच्या पाठीला जखम झाली तर दुसऱ्या दिवशी ओझे तिच्या डोक्यावर येते, म्हणून खोगिराखालची घडी ती स्वतः तपासते. डिसेंबर-जानेवारीत घाटमाथ्यावरच्या उघड्या शेतात, दहिवरात, माणसे, मेंढरे, कुत्री आणि घोडी एकमेकांना लागून रात्र काढतात.

याच तट्टांना २०२४ च्या आरंभी सरकारदरबारी नाव मिळाले. भीमथडी हा घोड्यांचा स्वतंत्र वाण म्हणून राष्ट्रीय नोंदवहीत दाखल झाला. मारवाडी, काठियावाडी, झांस्करी, स्पिती, भुतिया, मणिपुरी आणि कच्छी-सिंधी यांच्यानंतरचा हा आठवा. यातले झांस्करी आणि स्पिती हे हिमालयातल्या बर्फाचे, तिथेही ते घराच्या खालच्या खणात, माणसांच्या पायाखाली हिवाळा काढतात. भीमथडीची नोंद झाली तेव्हा वर्तमानपत्रांनी मराठ्यांच्या घोडदौडीची आठवण काढली, आणि त्यात वावगे काही नव्हते. पण दोनशे वर्षे लष्कराने टाकून दिलेला हा वाण ज्यांच्या दावणीला टिकला, त्यांच्याजवळ ना पागा होती, ना पखालजी, ना नालबंद. नोंदीचा कागद निघाला त्या महिन्यात ती माणसे कोकणात कुणाच्या तरी शेतात मेंढरे बसवून होती, आणि रात्री घोडी बांधण्याआधी त्यांच्या पाठी चोळत होती.